कंपनीत जाऊ की काउंटरवरच बसू?

कुडाळ तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 36. एका पतसंस्थेत लिपिक. नऊ वर्षं होऊन गेली, पुढच्या जुलैत दहा होतील. हातात महिना 31 हजार येतात. लहानपणापासून दशावताराचं, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचं, वेड. गावच्या हौशी मंडळात काम करतात, आणि एखाद्या दशावतारी नाटक कंपनीत माणूस कमी पडला की निरोप येतो, तेव्हा जातात. यंदा एका जत्रेत त्यांनी द्रौपदी केली. ती एका नावाजलेल्या कंपनीच्या मालकांनी पाहिली, आणि आता त्यांनी बोलावणं धाडलंय: तुळशीच्या लग्नापासून कायमचे या, नाइटमागे 1,200 रुपये देतो, दसऱ्यापर्यंत काय ते कळवा. घरी 71 वर्षांचे वडील, शिवणकाम करणारी पत्नी आणि सातवीतली मुलगी आहे. थोडी काजूची बाग आहे. घरासाठीचं कर्ज संस्थेकडूनच घेतलेलं आहे. वडील म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा.’ पत्नी म्हणते, ‘तुमका व्हया तां करा.’ पत्राच्या शेवटी ते लिहितात, ‘काउंटरवर बसलो की वाटतं, मी इथे नाटक करतोय आणि खरा मी तिथे आहे. आता नाही गेलो तर कधीच जाणार नाही. राजीनामा देऊ का?’

नमस्कार.

तुमच्या पत्रात त्या द्रौपदीच्या रात्रीवर दीड पान आहे आणि नऊ वर्षांच्या नोकरीवर चार ओळी. ते दीड पान मी दोनदा वाचलं. दुःशासन निरीला हात घालतो, तुम्ही सभेकडे पाठ फिरवून थेट देवळाच्या गाभाऱ्याकडे बघून कृष्णाला हाक मारता, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. ते कोणी शिकवलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं, तिथेच सुचलं, असं तुम्ही म्हणता. मी ते खरं धरते. दशावतारात संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, प्रवेश सांगितले जातात, आणि पुढचं जो तो आपल्या जिभेवर पेलतो. तिथे गाभाऱ्याकडे वळावंसं वाटणं हा अंगचा गुण आहे. मालकांनी तो ओळखला, यात नवल नाही. म्हणून तुम्हाला हे जमेल का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. जमतं.

‘इथे नाटक, तिथे खरा’ हे वाक्य मात्र मला जरा जास्तच छान वाटलं. छान वाक्यांवर राजीनामे देऊ नयेत. काउंटरवर तुम्ही एखाद्या म्हाताऱ्या ठेवीदाराचा फॉर्म भरून देता, तेव्हा ते नाटक असतं का? कंटाळा येतो, हे कबूल. पण कंटाळ्याचं कामही खरंच असतं, आणि कंपनीतही ते पुष्कळ असणार आहे. माझी शंका इथून सुरू होते.

तुम्ही जी रात्र लिहिली आहे, ती तुमच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली रात्र होती. आजपर्यंत तुम्ही कंपनीत गेलात ते पाहुणे म्हणून, महिन्याकाठी फार तर दोन वेळा. ताजा घसा, ताजं अंग, दुसऱ्या दिवशी बहुतेक रविवार. आता मी एक दुसरी रात्र सांगते. माघ महिना. आडवाटेच्या गावातला वाढदिवसाचा कार्यक्रम, कारण सगळ्याच रात्री काही सोनुर्लीच्या लोटांगणांच्या जत्रेतल्या नसतात. साडेनऊला तुम्ही शाळेच्या पडवीत आपली पेटी उघडून बसलात. तोच सफेता, तीच लाली, तोच हातातला आरसा. कालची साडी घामाने आंबलेली आहे, कारण ती वाळवायला ऊनच मिळालं नाही. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा ठरलेला भाग, संपता संपता एक वाजला. समोर चाळीस माणसं, त्यांतली पंधरा झोपलेली, चारपाच मोबाइलमध्ये. राजापार्टवाला आज ‘घेऊन’ आलाय आणि आपला प्रवेशच विसरलाय. लिहिलेलं काही नाही, त्यामुळे त्याचाही संवाद तुम्हालाच ओढून न्यायचाय, बायकी आवाजात, बसलेल्या घशाने. पहाटे दहीकाला, खोबरेल लावून तोंड पुसणं, गाडीत पेट्यांना टेकून डुलकी, आणि पुढचं गाव. अशी ती हंगामातली नव्वदावी रात्र.

ही रात्र तुम्हाला हवी आहे का? पत्रात याचं उत्तर नाही, कारण ती तुम्ही अजून काढलेलीच नाही. ज्याला आपण मनाची ओढ म्हणतो ती खरी की हौस, हे द्रौपदीच्या रात्री कळत नाही. या रात्रीनंतर सकाळी अकराला उठून तुम्ही मृदंगवाल्याला ‘काल तो प्रवेश असा घेतला असता तर?’ असं विचारत असाल, तर मग वडिलांनी काहीही म्हटलं तरी तुम्ही कंपनीतलेच. आणि उठल्याबरोबर पहिल्यांदा नाइटचे पैसे मोजावेसे वाटले, तरी त्यात लाज नाही. तेही कळलेलं बरं.

वडिलांकडे येऊ. त्यांना कलेतलं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण ती म्हण दशावताराच्या वैऱ्यांनी केलेली नाही. रात्रभर मुकुट घालून बसलेला माणूस सकाळी स्वतःची पेटी, बोचकं डोक्यावर घेऊन डोंगर चढून पुढच्या गावाला जात होता, हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी बघितलंय. आता गाड्या आल्या, बोजा गाडीच्या टपावर गेला. म्हातारपणाचा बोजा मात्र अजून ज्याचा त्यालाच वाहावा लागतो. वडिलांना विचारा, ‘तुम्ही कोणाकोणाला म्हातारपणी बघितलंत?’ ते नावं घेऊन सांगतील. ती ऐका. त्यात चांगल्या नावांचेही वाईट शेवट असतील आणि साध्या नावांचे समाधानाचेही.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांचा दाखला तुम्ही दिला आहे. कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवून गोष्ट सांगायची चित्रकथी त्यांनी जपली, गोठ्याचं संग्रहालय केलं, आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण ठाकर समाजात ती कला घराण्यात चालत आलेली, आणि आयुष्य त्यात गेल्यावर मान आला. वर्षाचा खर्च मांडताना पद्मश्री जमेच्या बाजूला धरता येत नाही.

आता तो खर्चच मांडू. तुमचेच आकडे घेते. तुळशीच्या लग्नापासून वैशाख सरेपर्यंत समजा 150 रात्री मिळाल्या, आणि चांगल्या कंपनीत त्या मिळाव्यात, तर 1,200 च्या हिशोबाने 1 लाख 80 हजार. नोकरीत वर्षाचे हातात येतात 3 लाख 72 हजार. म्हणजे उत्पन्न निम्म्याहून खाली. पावसाळ्यात सभागृहांतून वेगवेगळ्या कंपन्यांचे नट एकत्र आणून ट्रिकसीनवाले संयुक्त दशावतार होतात, चतुर्थीत काही प्रयोग मिळतात. पण तिथे बोलावणं येतं ते नाव झालेल्यांना. पहिल्या वर्षी त्यांच्यावर विसंबू नका. ‘काजू आहेच’ असं तुम्ही लिहिलंय. आहे. पण काजूची बी पडते ती माघ-फाल्गुनापासून उन्हाळाभर, आणि ती रोज सकाळी वेचावी लागते. तुम्ही तेव्हा कुठल्या तरी गावात पेटीला टेकून झोपलेले असणार. मग वेचणार कोण?

इथेच ‘तुमका व्हया तां करा’ हे वाक्य येतं. मी कोकणातच वाढले. हे वाक्य मी आई, मावशी, काकी सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्याचा अर्थ ‘खुशाल जा’ असा निघालेला मला तरी आठवत नाही. ‘पत्नीचा विरोध नाही’ असं तुम्ही त्याच्यापुढे लिहून मोकळे झालात. तुम्ही तिला विचारलंत ते ‘जाऊ का?’ याला नाही म्हणायचं म्हणजे नवऱ्याच्या स्वप्नात कोलदांडा घातल्याचा शिक्का आयुष्यभर कपाळी घ्यायचा. कोण घेईल? तेव्हा तो प्रश्न सोडा आणि बारीक प्रश्न घेऊन बसा. काजू कोण वेचेल, आणि मजूर लावला तर त्याचे पैसे कुठून? वडिलांना रात्री त्रास झाला तर कुडाळला कोण नेईल? मुलीच्या दहावीच्या वर्षी, म्हणजे तीन वर्षांनी, घरात कोण असेल? शिवणाचं काम वाढवायचं तर दुसरी मशीन हवी का? या उत्तरांतून तिचं मत आपोआप बाहेर येईल. कदाचित ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा अनुकूल निघेल. कोकणातल्या बायकांना कष्टाची भीती कमी. आपल्याला न विचारता कष्ट गृहीत धरले, याचा राग जास्त.

आणखी एक. तुम्ही स्त्रीपार्ट करता, हे तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर, कंसात आलंय. त्याच्याच पुढे, एकदा भुवया कोरलेल्या आणि डोळ्यांत काजळ राहिलेलं तसेच सोमवारी काउंटरवर बसलात तेव्हा एक खातेदार काय बोलला, तेही लिहिलंय. तो जे बोलला ते मी इथे छापत नाही. पण कंस का? सिंधुदुर्गात चांगल्या स्त्रीपार्टला जेवढा मान आहे तेवढा राजापार्टला तरी आहे का, सांगा. लोक नाटकाची जाहिरात बघून आधी ‘बायल कोण करता?’ विचारतात. तुम्हाला स्वतःलाच अजून त्याचा संकोच असेल, तर कंपनीत गेल्यावर कंस उरणार नाही. पोस्टरवर फोटो असेल, मुलीच्या शाळेच्या वाटेवरच्या भिंतीवर. मुलगी यंदा मैत्रिणींना नाटकाला घेऊन आली नाही, असं तुम्ही ओझरतं म्हटलंय. कारण तर्काने काढू नका, तिला विचारा. कदाचित परीक्षा असेल.

स्त्रीपार्टचा व्यवहारी भागही बघायला हवा. पन्नाशी ओलांडूनही गाजलेले स्त्रीपार्टी होऊन गेले, आहेत. पण घसा आणि कंबर दर हंगामाला थोडं थोडं वसूल करून घेतात. चढ्या पट्टीत रोज चार-पाच तास बोलायचं, तर जाण्यापूर्वी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरतंतू दाखवून या. आणि कंपनीत गेल्यावर नारद, ऋषी, अगदी खलपार्टसुद्धा अंगात मुरवून ठेवा.

तुमच्या मनात दोन समजुती आहेत, आणि त्या दोन्ही मला कच्च्या वाटतात.

पहिली, हीच शेवटची संधी. दसऱ्याची मुदत मालकांची आहे. त्यांना तुळशीच्या लग्नाआधी संच बांधायचा असतो, जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायच्या असतात. त्यांचं बरोबर आहे. पण कलाकार दर हंगामाला इकडचे तिकडे होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्याच्या द्रौपदीने म्हाताऱ्या बायका रडल्या, त्याला पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही, असं मला वाटत नाही.

दुसरी, नोकरी धरून कलेला न्याय देता येत नाही. यात अर्धं तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. पाठांतरावर चालणारं नाटक रविवारी तालीम करून बसवता येतं. दशावतार तसा बसत नाही. तो रोजच्या संगतीत येतो: कुठल्या नटाला कुठे सोडायचं, हार्मोनियमवाल्याकडे नुसतं बघून पद कधी मागायचं, झोपलेलं पब्लिक कसं उठवायचं. हौशी राहिलात तर चांगले हौशी राहाल, आणि चाळिशीनंतर ते मनाला खात राहील. नोकरीत राहण्याचीही किंमत आहे, ती ‘सुरक्षित’ म्हणून झाकू नका. पण याचा अर्थ येत्या दसऱ्यालाच राजीनामा टाकला पाहिजे, असा होत नाही.

माझं मत असं. यंदा राजीनामा नको. यंदा बिनपगारी रजा घ्या, महिना-सव्वा महिना सलग, तुळशीच्या लग्नानंतर लगेच. मार्च एंडिंगला कुठलीही पतसंस्था तुम्हाला सोडणार नाही, कार्तिक-मार्गशीर्षात सोडू शकते. मालकांना सरळ सांगा: यंदा एवढ्या रात्री सलग देतो, मग शनिवार-रविवार आणि मोठ्या जत्रा, आणि पुढच्या हंगामाचं शिमग्यानंतर बोलू. त्या महिन्यात पाहुणा म्हणून वागू नका. पेट्या उचला, मिळेल ते पार्ट करा, संचाबरोबरच जेवा-झोपा. एक साधी वही ठेवा: गाव, आख्यान, पार्ट, नाइट मिळाली का, किती वाजता झोपलो. आवडलं-नावडलं लिहायची गरज नाही, वही वाचताना ते कळतंच.

पुढचा जुलैही मध्ये येतोच, आणि तो महत्त्वाचा आहे. पीएफ कापला जातो, असं तुम्ही लिहिलंय. त्यात पतसंस्थेच्या हिश्श्यातून पेन्शनचा भाग जातो का, हे पासबुकात बघा. जात असेल, तर दहा वर्षं पूर्ण झाल्यावर 58 व्या वर्षापासून दरमहा पेन्शनचा हक्क कायम होतो, मग मधली वर्षं तुम्ही काहीही केलंत तरी. रक्कम मोठी नाही, 15,000 च्या वेतनमर्यादेवर दहा वर्षांची पेन्शन महिना दोन हजारांच्या थोडी वर बसते. पण म्हाताऱ्या दशावतारी नटाला दरमहा न मागता येणारे दोन हजार किती मोठे असतात, ते पुन्हा वडिलांनाच विचारा. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर लागू होतेच. महिना 26 दिवसांचा धरून वर्षामागे 15 दिवसांचं वेतन, म्हणजे दहा वर्षांचे पावणेसहा महिन्यांचे होतात. हे पैसे आले की त्याला ‘पहिला पावसाळा’ असं नाव देऊन वेगळे ठेवा. घराच्या कौलांना हात लावू नका.

कर्जाचं मंजुरीपत्र काढून वाचा, आजच. कर्मचाऱ्याला सवलतीच्या व्याजाने दिलेलं कर्ज नोकरी सोडल्यावर नेहमीच्या दराने लागतं, कुठे कुठे एकरकमी भरायलाही सांगतात. अशी कलमं तुम्हीच रोज हाताळता, पण स्वतःचं बहुधा वाचलेलं नसेल. दवाखान्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. शिधापत्रिकेवरची नावं आणि आधारवरची नावं जुळतात का, एवढं बघून ठेवा. आणि आजपासून प्रत्येक हँडबिल, पेपरातलं कात्रण, मंडळाचं प्रमाणपत्र एका फाइलला लावा. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन मागायची वेळ येते, तेव्हा किती वर्षं काम केलं याचे पुरावे लागतात, आणि आमच्या मोठ्या मोठ्या नटांकडे ते नसतात, कारण पोस्टर दुसऱ्या दिवशी बकरीने खाल्लेलं असतं.

अशी पत्रं मला बरीच येतात, म्हणून इतरांसाठीही दोन ओळी. मुंबईची नोकरी सोडून देवगडला आंबा करायचाय, तारकर्लीला होमस्टे टाकायचाय, वेंगुर्ल्याला आजीच्या घरात खानावळ काढायचीय. मे महिन्यात सुट्टीवर येऊन हे ठरवू नका. मे महिन्यात कोकण सगळ्यांनाच आपलं वाटतं. जुलैत येऊन तीन आठवडे राहा. वीज गेलेली, समुद्र बंद, पर्यटक नाही, कलमांना मोहोर नाही, भिंतीला बुरशी, आणि शेजारच्या भावकीशी बांधावरून वाद. तेव्हाही जावंसं वाटलं तर सामान बांधा. आणि घरातलं जे माणूस तुमच्या स्वप्नासाठी बिनपगारी राबणार आहे, त्याच्या कामाला हिशोबात एक आकडा द्या.

पुन्हा तुमच्याकडे. पुढच्या जुलैत दहा वर्षं भरली, वहीतल्या रात्रींनी तुम्हाला घाबरवलं नाही, घशाच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही आणि काजूचा प्रश्न घरात बसून सुटला, तर राजीनामा द्या आणि कंपनीत जा. तेव्हा मी तुम्हाला आणखी थांबा म्हणणार नाही, कारण दहाची बारा आणि बाराची पंधरा होतात आणि माणूस काउंटरवरूनच निवृत्त होतो.

जाताना मालकांशी मात्र मोघम बोलू नका. आपल्याकडे कंपनीत सगळं शब्दावर चालतं, आणि बहुतेक वेळा शब्द पाळलाही जातो. तरी विचारा: रात्र रद्द झाली तर नाइट मिळणार का? आजारी पडलो तर? साड्या, दागिने, रंग कोणाचे? उचल घेतली तर ती कशी वळती करणार? पावसाळ्यात दुसरीकडे संयुक्त प्रयोग करायची मोकळीक आहे का? नटाने असं विचारलं म्हणून चांगला मालक रागावत नाही, त्यालाही लपंडाव नको असतो. रागावला, तर हंगाम सुरू व्हायच्या आधी कळलं म्हणायचं आणि दुसऱ्या कंपनीला फोन करायचा.

आणि यंदाच्या रजेचा अर्ज दसऱ्याआधीच टाका. दिवाळीच्या तोंडावर सगळेच रजा मागतात.